तलावावर अंथरलेला बर्फ

(दृश्य: रात्रीचं बीजिंग. निळ्या बुडबुड्यांची इमारत.)

हा वॉटर क्यूब. २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकल फेल्प्सनं आठ सुवर्णपदकं जिंकली ती इथल्याच तलावात. २०२२ ला चीनच्या राजधानीत हिवाळी ऑलिम्पिक भरलं, तेव्हा या तलावाच्या जागी कर्लिंग, म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवत रंगवलेल्या वर्तुळात नेण्याचा खेळ, खेळलं गेलं आणि इमारत झाली आईस क्यूब. डोंगरउतारावरच्या शर्यती यानछिंग आणि झांगजियाकोऊकडे गेल्या. शहरात राहिले मुख्यतः बंदिस्त बर्फावरचे खेळ.

(दृश्य: रिकामा तलाव, आत पोलादी सांगाडा.)

तलाव ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद. कर्लिंगची पट्टी ४५.७२ मीटर लांब आणि फार तर ५ मीटर रुंद. चार पट्ट्या शेजारी-शेजारी बसतात. पाणी काढून सांगाडा उभा करायचा, त्यावर काँक्रीटचे तयार तुकडे, वर गारवा देणाऱ्या नळ्या. सांगाडा जरा जरी दबला तरी बर्फ वाकडा होतो आणि दगड आपोआप एका बाजूला ओढ घेतो.

पाणी एकदम ओतायचं नाही. शुद्ध केलेल्या पाण्याचे पातळ थर, एक गोठला की दुसरा. मधल्या थरात पांढरा रंग आणि वर्तुळं.

(दृश्य: जवळून, बर्फावर पडणारे थेंब.)

आता नीट पाहा. पाठीवर टाकी घेतलेला माणूस उलट्या पावलांनी चालतोय आणि नळीतून कोमट पाण्याचे थेंब शिंपडतोय. थेंब पडल्या जागी गोठतात, बारीक पुरळ उठल्यासारखे. मग पातं फिरवून त्यांची टोकं छाटायची. जवळपास २० किलोचा दगड या पुरळावरून धावतो. त्याचा तळ खोलगट असतो. टेकते ती फक्त एक अरुंद कड. सपाट बर्फावर तो अर्ध्यातच थांबेल.

खरी डोकेदुखी हवेची. पोहण्याचं सभागृह मुळातच उबदार आणि दमट, तर इथे बर्फाचा पृष्ठभाग उणे ५ अंशांच्या आसपास हवा. हवेत ओल राहिली तर बर्फावर हिम धरतं आणि दगड मंदावतो. पावसाळ्यात कॅरमचा स्ट्रायकर कसा अडखळतो, तसंच. त्यात प्रेक्षक आले, की त्यांच्या श्वासाची वाफही आलीच. म्हणून हवा कोरडी करणारी यंत्रं थांबवून चालत नाही.

(दृश्य: कर्लिंगची पट्टी, वरून.)

या सगळ्याखाली तलाव शाबूत आहे. सांगाडा उचलला की पुन्हा पाणी सोडता येतं.