सासूबाईंचा बंब

नमस्कार. ‘कमी वस्तूंचा संसार’ हा विषय मला दिलाय, पण सुरुवात मी पुरापासून करणार आहे, कारण आमच्या घरात या गोष्टीची सुरुवात तिथूनच झाली.

2019 चा ऑगस्ट कोल्हापुरातल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 वर धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. त्या साली पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. आमचं घर तळमजल्यावर. रात्री शेजाऱ्यांनी दार वाजवलं आणि वरच्या मजल्यावर सामान न्यायला जेमतेम अर्धा तास मिळाला. नेलं काय? कागदपत्रांची पिशवी, सासूबाईंची औषधं, शेगडी, दोन पातेली, चादरी, मुलांची दप्तरं. त्याच्यावर आम्ही पाच माणसं आठ दिवस राहिलो.

पाणी उतरल्यावर चिखल काढायला लागलो, तेव्हा खरं घर दिसलं. पलंगाच्या पेटीत लग्नातले डिनर सेट, खोकंसुद्धा न फोडलेले. बोहारणीला साड्या देऊन घेतलेली स्टीलची पातेली. बारशाला, वास्तुशांतीला आलेली ताटं, त्यांवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली. नाव कोरलेलं भांडं मोडीत घालायला हात धजावत नाही, आणि वापरायला बाहेरही येत नाही. भिजलेली एक गादी उचलायला चार माणसं लागत होती. गल्लीभर रस्त्याच्या कडेला असे ढीग.

मग मी ठरवलं, आता भरायचं नाही. ठरवलं ते चांगलंच, पण केलं ते चुकीच्या पद्धतीनं, आणि आज इथं आलेल्या आईवडिलांना मला तेच जास्त सांगायचंय. पुढच्या उन्हाळ्यात मी मुलीचा पत्र्याचा डबा देऊन टाकला. त्यात बांगड्यांच्या काचा, एसटीची तिकिटं, रंकाळा तलावावरून आणलेले दगड. मला तो कचरा वाटला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. संध्याकाळी शोधून शोधून दमली आणि म्हणाली, “आई, पुरातनं मी तो दप्तरात घालून वाचवला होता.” आमच्या दोघींत बरेच दिवस नीट बोलणं नव्हतं. तिनं मग खोडरबरसुद्धा लपवून ठेवायला सुरुवात केली. मुलाच्या वस्तू त्याला न विचारता काढल्या, की ते कमी ठेवायला शिकत नाही, धरून ठेवायला शिकतं. हे मी कुठं वाचलेलं नाही, घरात बघितलंय.

आता प्रत्येकाला एक ट्रंक आहे. आत काय ठेवायचं ते ज्याचं त्यानं बघायचं, झाकण मात्र लागलं पाहिजे. मे महिन्यात, पावसाच्या आधी, ज्यानं त्यानं आपली ट्रंक उपसायची. मुलगा पाच मिनिटांत मोकळा होतो. मुलीला दोन दिवस लागतात. लागू देत.

वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टांचा सवाल बऱ्याच जणींनी विचारलाय. आम्ही मुलांना भेळ आणि आईस्क्रीम खाऊ घालतो आणि हातात काही देत नाही. पहिल्या वर्षी मला संकोच वाटला. मुलांनी विचारलंसुद्धा नाही.

देऊन टाकण्याबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलते. पुराच्या वेळी बाहेरून मदत आली, तिचे उपकार आहेतच. पण आमच्या भागात जुन्या कपड्यांचे गठ्ठे अंगणात पडून राहिले, पावसात भिजले, कुणी हात लावला नाही. चेन तुटलेली पँट, पार्टीचा झगा. कुणाचं तरी कपाट मोकळं झालं आणि अडगळ आमच्या दारात आली. तेव्हापासून कुणाला काही द्यायचं तर आधी विचारायचं: तुम्हाला लागतंय का? नको म्हणाले तर वाईट वाटून घ्यायचं नाही.

घरात कमी ठेवायचं असेल तर गल्लीत, गावात काहीतरी सामाईक लागतं. आमच्या गल्लीत मोठी परात आणि काहिली मंडळाची आहे, ज्याच्या घरी कार्य असेल तो नेतो आणि घासून परत ठेवतो. पुस्तकांसाठी 1850 सालापासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. खेळायला तालीम आहे, फिरायला रंकाळा आहे. उपनगरातल्या नव्या फ्लॅटमध्ये हे जवळ नसतं, म्हणून तिथल्या आईला घरातच घसरगुंडी आणावी लागते. तिला दोष देऊ नये. तिच्या सोसायटीत शिडी एक, ड्रिल मशीन एक, एवढी जरी सुरुवात झाली तरी पुष्कळ आहे.

सासूबाईंचं काय केलं, असा शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर आलाय. त्यांच्याकडं अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब आहे. आमच्याकडं गीझर आहे, न्हाणीघर लहान आहे, आणि तो विकावा म्हणून मी दोन वर्षं मागं लागले होते. एकदा त्या म्हणाल्या, “पोरी, माझ्या ट्रंकेत मावत नाही म्हणून तो माझा न्हाई व्हय?” त्या दिवसापासून मी विषय काढलेला नाही. बंब मागच्या दारी पत्र्याखाली आहे. दिवाळीच्या पहाटे नात तो चिंचेनं घासते, आजी पेटवते, आणि त्या दिवशी गीझर कुणी लावत नाही.