‘बस’ आणि ‘बास’: कुत्र्याला नक्की काय ऐकू येतं

कुत्रं पाळलेल्या कुठल्याही घरी जा, चहा यायच्या आधी एक वाक्य येतंच, ‘आमच्या शेरूला सगळं कळतं हो, फक्त बोलता येत नाही तेवढं.’ मी कुत्र्यांना ट्रेनिंग देतो, त्यामुळे हे वाक्य रोजचंच, आणि आज त्याच्यावरच बोलायचंय. कळतं की नाही हा वाद मला घालायचाच नाहीये, कळतंच. पण आपण ज्या गोष्टीचं क्रेडिट त्याला देतो ती बऱ्याचदा त्याला कळलेली नसते, आणि जी खरंच कळलेली असते तिकडे आपलं लक्षच नसतं.

आधी सुराचं घेऊ. आपल्याकडे कुत्र्याला बोलवायचं असलं की शेंबडं पोरही ‘यू यू यू’ करतं आणि हाकलायचं असलं की एकदाच, तुटक, ‘हाड्!’ हे कोणी कोणाला शिकवलेलं नसतं. पॅट्रिशिया मॅककॉनेल नावाच्या अमेरिकन बाईंनी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या, कुत्री-घोडी हाताळणाऱ्या लोकांचे आवाज रेकॉर्ड केले, तर सगळीकडे तोच प्रकार. जनावराला हलवायचं, पळवायचं तर छोटे छोटे आवाज परत परत, शांत करायचं तर एकच लांबवलेला आवाज, आणि पळत्याला जागेवर थांबवायचं तर एक झटका. मग त्यांनी पिल्लांवर करून बघितलं, चढत्या सुरातले चार छोटे आवाज आणि उतरत्या सुरातला एक लांब आवाज. पिल्लं चार आवाजांना जास्त आली. १९९० साली हे छापून आलं. आपलं ‘यू यू’ त्यातच बसतं.

यावरून लोक काय करतात, थेट दुसरं टोक गाठतात. म्हणे शब्दाला काही अर्थ नसतो, लाडात येऊन ‘गाढवा’ म्हणा नाहीतर ‘राजा’ म्हणा, त्याला सारखंच. मला हे बिलकुल पटत नाही आणि याला चांगला पुरावा आहे.

हंगेरीत बुडापेस्टला अत्तिला अँडिक्स आणि त्यांची टीम आहे, त्यांनी १३ कुत्र्यांना एफएमआरआय मशीनमध्ये (मेंदूचा कुठला भाग कधी कामाला लागतो ते दाखवणारं मशीन) जागं असताना, न बांधता, गपचूप पडून राहायला शिकवलं. (ज्याचं कुत्रं नखं कापताना अख्खं घर डोक्यावर घेतं त्याला यातली कमाल कळेल.) मग हेडफोनवर त्यांच्या ओळखीच्या ट्रेनरचा आवाज लावला, चार प्रकारे. कौतुकाचे शब्द कौतुकाच्या सुरात, तेच शब्द सपाट सुरात, आणि ‘तथापि’ छापाचे कुत्र्याच्या काही कामाचे नसलेले शब्द, तेही दोन्ही सुरांत. तर मेंदूनं शब्द आणि सूर दोन्ही वेगवेगळे हाताळले, सूर कसाही असला तरी ओळखीचा शब्द वेगळा पडत होता. आणि खाऊ मिळाल्यावर, लाड झाल्यावर मेंदूतला जो भाग जागा होतो तो कधी जागा झाला? फक्त कौतुकाचा शब्द कौतुकाच्या सुरात आला तेव्हाच. नुसत्या लाडाच्या सुरानं झालं नाही, नुसत्या शब्दानंही नाही. हे २०१६ चं, ‘सायन्स’ मासिकातलं. व्हॉट्सअॅपवर फिरतं त्यात ‘कुत्रं शब्द डाव्या मेंदूनं ऐकतं’ असं असतं, ते सोडून द्या, चित्रांत डावं-उजवं उलटं झालं होतं अशी दुरुस्ती त्याच मासिकानं पुढच्या वर्षी दिली. बाकी मुद्दा तसाच राहिला.

इंग्लंडमध्ये यॉर्क युनिव्हर्सिटीत २०१८ मध्ये साधारण हेच मशीनशिवाय दिसलं. मोठ्या वयाच्या कुत्र्यांसमोर माणसं बोलली, एक जण लाडाच्या आवाजात ‘फिरायला जायचं का’ टाइप, दुसरा साध्या आवाजात आदल्या रात्री काय केलं टाइप गप्पा. कुत्री पहिल्याकडे गेली. पण सूर आणि मजकूर यांची अदलाबदल केल्यावर ही ओढ राहिली नाही, दोघांपैकी कोणीच विशेष आवडेना. पिल्लांचं वेगळं असतं हां, नुसत्या बारीक लाडिक आवाजालाही पिल्लं धावत येतात. मोठं कुत्रं मात्र तुमचं बोलणं आणि सूर जुळतोय का ते बघतं.

आता शब्द किती? जर्मनीतला रिको नावाचा बॉर्डर कोली जातीचा कुत्रा, २००४, त्याला सुमारे २०० खेळण्यांची नावं यायची. वस्तू दुसऱ्या खोलीत ठेवायच्या म्हणजे मालकाच्या डोळ्यांवरून इशारा मिळायला नको. ओळखीच्या खेळण्यांत एक नवीन खेळणं ठेवून नवीनच नाव सांगितलं तर १० पैकी ७ वेळा तो नवीन खेळणं घेऊन आला, म्हणजे बाकीच्यांची नावं मला माहितीयेत, अर्थात हे असणार. मग अमेरिकेत जॉन पिली या रिटायर्ड प्रोफेसरांनी तीन वर्षं रोज खपून चेझर या कुत्रीला १,०२२ खेळणी शिकवली. पण हे ऐकून घरच्या लॅब्राडोरकडे रागानं बघू नका, अशी कुत्री फार दुर्मीळ. कॅनडात १६५ मालकांना विचारलं तर सरासरी ८९ शब्द आणि वाक्यं भरली, कुणाचं १५ तर कुणाचं २१५. मालकांनी सांगितलेला आकडा आहे हा, तेव्हा थोडा प्रेमाचा घसारा धरा.

शब्द कळतो म्हणजे काय ऐकतो तो? बुडापेस्टलाच २०२० मध्ये डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून बघितलं. ओळखीचा शब्द आणि एकदम वेगळाच निरर्थक शब्द यातला फरक मेंदूला लगेच कळला, पण ओळखीच्या शब्दात एकच ध्वनी बदलला तर फरक दिसेना. लहान बाळांचंही सुरुवातीला असंच असतं. आता आपल्या घरात काय होतं बघा, कुत्र्याला ‘बस’ शिकवायचं आणि दिवसभर एकमेकांवर ‘बास! बास झालं!’ ओरडायचं. मग तो बिचारा मधेच बसतो किंवा मग कंटाळून दोन्हीकडे दुर्लक्ष करतो, आणि आपण म्हणतो हट्टी आहे.

वेगाचंही आहे. माणसं आपापसात सेकंदाला साधारण चार अक्षरांच्या वेगानं बोलतात, कुत्र्याशी बोलताना नकळत तीनवर येतात, आणि कुत्र्याचं स्वतःचं भुंकणं-बिंकणं दोनच्या आसपास. २०२४ चा अभ्यास आहे. तेव्हा कुत्र्याशी बोबडं, हळू बोलता म्हणून घरचे हसत असतील तर हसू दे.

घरी एक करून बघा. हात मागे बांधा, भिंतीकडे तोंड करा आणि ‘सिट’ म्हणा, मागून कोणालातरी बघायला सांगा. पुष्कळ कुत्री उभीच राहतात, कारण ती तुमच्या हाताला बसत होती, शब्दाला नाही. हात वाचण्यात ती उस्तादच. कोलकात्याला आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या टीमनं रस्त्यावरच्या १६० भटक्या कुत्र्यांवर प्रयोग केला, लांबून नुसतं बोट दाखवायचं. साधारण निम्मी माणसाला बघून जवळच आली नाहीत, पण जी आली त्यातली ८० टक्के दाखवलेल्या भांड्याकडेच गेली. कुठलं ट्रेनिंग नाही, काही नाही.

आणि तो अपराधी चेहरा! चप्पल फाडली, विचारलं ‘कोणी केलं हे?’, की कान पाडून, नजर चोरून बसतो. ‘बघा, त्याला कळतं चुकलं ते.’ न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासलं. खाऊ समोर ठेवून ‘खायचं नाही’ सांगून मालक बाहेर. काही कुत्र्यांनी खाल्लं, काहींनी नाही, पण मालकाला मुद्दाम कधी खरं तर कधी खोटं सांगितलं. तो चेहरा रागावण्याला येत होता, गुन्ह्याला नाही, आणि न खाता उगाच बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांनी तर तो जास्त केला. सुरावरून तुमचा राग त्याला अचूक कळला. चप्पल राहिली बाजूला.

मघाशी एका काकूंनी विचारलं, घरात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही चालतात, कुत्र्याचा गोंधळ होत असेल का. लॉरा कुआया या मेक्सिकोहून बुडापेस्टला गेल्या, सोबत कुन-कुन नावाचं कुत्रं होतं, त्यांनाही असंच काहीतरी वाटलं. त्यांनी आणि टीमनं १८ कुत्र्यांना मशीनमध्ये स्पॅनिश आणि हंगेरियनमध्ये एक गोष्ट ऐकवली. ओळखीची भाषा आणि परकी भाषा याला मेंदूचा प्रतिसाद वेगळा होता, आणि कुत्रं जितकं वयस्कर तितका हा फरक ठळक. म्हणजे घरातली भाषा त्याच्या कानावरून नुसतीच जात नाही. तेव्हा काकू, तीन भाषांनी काही बिघडत नाही, ‘बस’ आणि ‘सिट’ दोन्ही शिकेल तो, प्रत्येक शब्दाची वेगळी प्रॅक्टिस लागेल इतकंच. बिघडतं ते ‘डाऊन’ला. बाबा ‘डाऊन’ म्हणतात तेव्हा त्यानं आडवं व्हायचं, ताई ‘डाऊन’ म्हणते तेव्हा सोफ्यावरून उतरायचं, आणि तो सोफ्यावरच आडवा झाला की दोघं मिळून त्याला रागवतात.