पडद्याचा जुना फोटो

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘उच्च रक्तदाब आणि पडद्याच्या नव्या तपासण्या’. यंत्रांकडे येतोच, पण आधी हात वर करा बघू, बीपीची गोळी कोण कोण घेतं? बापरे, निम्मं सभागृह! आता वर्षभरात डोळ्याची बाहुली मोठी करून आतला पडदा, म्हणजे रेटिना, तपासलेल्यांनीच हात वर ठेवा. चारच. आणि त्यातल्या तिघी बायका आहेत, काकांनो!

माझ्याकडे एक किराणा दुकानदार चष्म्याचा नंबर काढायला आले. सोबत वहिनी. बीपी आहे का विचारलं, तर म्हणाले, “होतं. गोळीनं नॉर्मल झालं, म्हणून गोळी बंद केली.” हे वाक्य मी रोज ऐकतो. अहो, नॉर्मल झालं ते गोळीमुळेच ना? थेंब घातले आणि अर्ध्या तासानं आत पाहिलं. धमनी शिरेवरून जाते तिथे शीर दोन्ही बाजूंनी चिमटल्यासारखी. दोघींचं बाहेरचं वेष्टण तिथे एकच असतं, त्यामुळे दाबानं जाड झालेली धमनी शिरेला दाबते. लंडनचे नेत्रतज्ज्ञ मार्कस गन यांनी १८९० च्या दशकात वर्णिलेली हीच ती खूण. शेजारी कापसासारखे बारके पुंजके. म्हणजे तिथल्या मज्जातंतूंचं रक्त तुटलं होतं. बीपी मोजलं, २००/१२०. फोटो संगणकावर मोठा करून दाखवला. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “एवढं झालं, मग यांना दुखलं कसं नाही?”

नाही दुखत हो. म्हणून तर आत बघायचं. चामडी न कापता आतली रक्तवाहिनी इतकी थेट दिसते अशी शरीरात ही जागा. १८५१ पासून, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या ऑफ्थॅल्मोस्कोपमुळे, म्हणजे डोळ्याच्या आत बघायच्या उपकरणामुळे, आपल्याला ती दिसते आहे.

पण माझं खरं दुखणं पुढेच आहे. तीन वर्षांपूर्वी एका शिबिरात याच गृहस्थांच्या पडद्याचा फोटो काढला होता. कागदावर ‘ठीक’ लिहून दिलं, फोटो दिला नाही. मी मागवला तर तो पुसलेला! ही चिमट तेव्हा होती की नंतर आली, ते आता कुणीच सांगू शकत नाही. सोनोग्राफीची फाईल आपण दहा वर्षं कपाटात जपतो आणि पडद्याचा फोटो मागतसुद्धा नाही. फिजिशियनकडे तर तो पोचतच नाही. मला याचा फार राग येतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग मुद्दा भरभर सांगतो.

१९३९ साली अमेरिकेत कीथ, वेगनर आणि बार्कर या डॉक्टरांनी या बदलांच्या चार पायऱ्या ठरवल्या. चौथीत डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नेत्रनाडीचं तोंड सुजतं. तेव्हा धड गोळ्या नव्हत्या आणि त्या पायरीवरचे बहुतेक रुग्ण तीन वर्षंही काढत नसत. अडचण पहिल्या दोन पायऱ्यांची आहे. धमनी शिरेच्या साधारण दोन तृतीयांश रुंद असावी, पण ती किंचित अरुंद झाली का, यावर दोन तज्ज्ञांचंही एकमत होत नाही. म्हणून आता संगणक रुंदी मोजतो. ओसीटी अँजिओग्राफी या नव्या तपासणीत तर सुई न टोचता, वाहत्या रक्तपेशींच्या हालचालीवरून केशवाहिन्यांचं जाळं दिसतं. जुन्या बीपीवाल्यांत ते विरळ झालेलं आढळतं. चिमट हा मागच्या कित्येक वर्षांचा हिशेब असतो, रक्तस्राव आणि पुंजके बहुधा सध्याच्या दाबाचे. म्हणूनच एका फोटोवर भागत नाही. दोन फोटो शेजारी ठेवले की गाडी कुठे चाललीय ते कळतं.

तेव्हा फोटो मागून घ्या. दोन्ही डोळ्यांचा, वर तारीख आणि त्या दिवसाचं बीपी. तो बीपीच्या फाईलमध्येच लावा. त्या वहिनी आता दरवर्षी पिवळ्या पाकिटात सगळे फोटो घेऊन येतात आणि माझ्याआधी स्वतःच जुना-नवा जुळवून बघतात.

बाहेर टेबलापाशी आमच्या सिस्टर थेंब घेऊन बसल्या आहेत. तीन-चार तास धूसर दिसेल, तेव्हा स्कूटरवर आलेल्यांनी आज थांबू नका, उद्या कुणाला तरी सोबत घेऊन या.