प्लग पाहून केबल घेऊ नका

(इंदूरच्या रामबागेत जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. माळ्यावरचा बीबीसी मायक्रो किंवा एमएसएक्स, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक, खाली काढून, पुसून टीव्हीला जोडणं तुम्हाला जमलेलं आहे. गाडी अडते ती प्रिंटरपाशी. खरं तर प्रिंटर मिळत नाही अशातला भाग नाही. सियागंजातले ठोक व्यापारी आणि ट्रान्सपोर्टवाले कार्बन कॉपीची बिलं नि बिल्ट्या अजूनही डॉट मॅट्रिक्सवर, म्हणजे सुयांनी ठिपके उमटवणाऱ्या प्रिंटरवर, काढतात. टीव्हीएसचा एमएसपी किंवा एप्सनचा एलएक्स घेतलात, तर बहुतेक वेळा मागे ३६ पिनांचं ते रुंद सॉकेट सापडतं. प्रिंटर आहे, संगणक आहे, मधली केबल मात्र कुठल्याच दुकानात नाही.

असं का झालं? सेंट्रॉनिक्स कंपनीने हे जोडणीचं तंत्र १९७० मध्ये आपल्या १०१ या प्रिंटरबरोबर आणलं. इतरांनी ते उचललं, पण त्याचं रीतसर प्रमाणीकरण, म्हणजे आयईईई १२८४, व्हायला १९९४ उजाडलं. आपले सगळे आठ बिटी घरगुती संगणक या मधल्या काळातले. प्रिंटरच्या बाजूचं सॉकेट बहुतेकांनी तसंच ठेवलं, संगणकाच्या बाजूला मात्र ज्याने त्याने पैसे आणि जागा वाचवून मनाला येईल ते बसवलं.

तंत्र मात्र साधं आहे. संगणक आठ तारांवर एक अक्षर मांडतो आणि स्ट्रोबची तार क्षणभर खाली ओढतो. अर्धा मायक्रोसेकंद पुरतो. प्रिंटर बिझीची तार वर करून थांबायला सांगतो, अक्षर घेऊन झालं की बिझी खाली आणतो आणि ॲकनॉलेजच्या तारेवर एक छोटा ठोका देतो. काही संगणक बिझी बघतात, काही ॲकनॉलेज ऐकतात. तुमचा संगणक यांतलं काय बघतो, हा पहिला प्रश्न. प्लग कसा दिसतो, हा त्यानंतरचा.

बीबीसी मायक्रोपासून सुरुवात करतो, कारण केंद्र सरकारच्या क्लास या शाळांतल्या संगणक साक्षरतेच्या प्रकल्पातून १९८४ पासून तो आपल्याकडच्या शाळांत आला. त्याच्या पोटाखाली २६ पिनांचा कनेक्टर आहे. प्रिंटरला ३६, इथे २६, म्हणून लोक हात टेकतात. पण रिबन केबल जवळून बघा. ३६ पिनांच्या प्लगमध्ये चपटी रिबन दाबून बसवली की तारा एकाआड एक दोन्ही ओळींत जातात. पहिली तार पिन १ वर, दुसरी पिन १९ वर, तिसरी पिन २ वर, चौथी पिन २० वर. पिन १ म्हणजे स्ट्रोब, २ ते ९ डेटा, १० ॲकनॉलेज, १९ ते ३० ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारा. आता बीबीसीचा कनेक्टर मोजा: १ वर स्ट्रोब, ३, ५, ७ असं करत १७ पर्यंत डेटा, १९ वर ॲकनॉलेज, मधल्या सम पिनांवर ग्राउंड. तंतोतंत जुळतं! २६ तारांची रिबन, दोन टोकांना दोन प्लग, कामाच्या टेबलावरच्या शिकंज्यात (व्हाइसमध्ये) दाबले की केबल तयार. सोल्डरिंगची गरजच नाही. ज्याने ही मांडणी केली त्याच्याबद्दल मला फार आदर आहे. व्हीडीयू २ हा आदेश दिला की छपाई सुरू होते. सगळं एकाच ओळीवर छापलं जात असेल, तर आधी स्टार एफएक्स ६ द्या. बीबीसी लाइन फीड, म्हणजे कागद एक ओळ पुढे सरकवण्याचा संकेत, गाळून टाकतो, ते त्याने थांबतं.

याच्या बरोबर उलट उदाहरण १९८५ चा अमिगा १०००. त्याला पीसीसारखाच २५ पिनांचा पोर्ट आहे, फक्त नर. जेंडर चेंजर, म्हणजे नराची मादी करणारा जोड, लावला की पीसीची केबल छान बसते, आणि तिथेच घात होतो. पीसीच्या केबलमध्ये १८ ते २५ या पिना ग्राउंड असतात, अमिगा १००० च्या पिन २३ वर मात्र ५ व्होल्ट. म्हणजे थेट शॉर्ट. हा संगणक कोणाकडे असेल, तर कृपा करून मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासल्याशिवाय केबल लावू नका.

एमएसएक्सचा १४ पिनांचा पोर्ट सरळ आहे: पिन १ स्ट्रोब, २ ते ९ डेटा, ११ बिझी, १४ ग्राउंड. आकडे प्रिंटरशी जुळतात, फक्त ग्राउंड वेगळा न्यायचा. पण रिबन दाबून जमत नाही, अकरा तारा हाताने जोडाव्या लागतात. कमोडोर ६४ च्या यूजर पोर्टवरूनही समांतर छपाई होते, पण तिथे केबलइतकंच महत्त्व सॉफ्टवेअरमधल्या ड्रायव्हरला आहे.

ॲमस्ट्रॅड सीपीसी ४६४ वर मात्र जरा थांबू या, कारण त्याचा संबंध आपल्या लिपीशी येतो. त्यात डेटाच्या सातच तारा आहेत, आठवा बिट त्यांनी स्ट्रोबसाठी वापरला. इंग्रजी मजकुराला सात बिट पुरतात. देवनागरी मात्र चित्र म्हणून, ठिपक्या-ठिपक्याने छापावी लागते, आणि एप्सनच्या पद्धतीत आठवा बिट म्हणजे सगळ्यात वरची सुई. ती कधीच उठत नाही. शिरोरेषा नेमकी त्या ओळीत आली, तर अख्ख्या मजकुराची शिरोरेषाच गायब होते. यावर उपाय आहे. चित्राच्या आठऐवजी सात-सात ओळींच्या पट्ट्या करायच्या आणि एस्केप १ हा आदेश द्यायचा. नऊ सुयांच्या एप्सनमध्ये त्याने कागद ७/७२ इंच सरकतो, सुयांमधलं अंतर १/७२ इंच असतं, त्यामुळे पट्ट्या बेमालूम जुळतात. ४८० ठिपक्यांची ओळही एका दमात पाठवता येत नाही, कारण तिची लांबी दोन आकड्यांत सांगावी लागते, दुसरा आकडा २५६ च्या पटींचा आणि पहिला उरलेल्याचा. ४८० म्हणजे एकदा २५६ आणि वर २२४, म्हणून पहिला आकडा २२४, आणि सात बिटांत १२७ च्या पुढे जाता येत नाही. ३८३ आणि ९७ असे दोन तुकडे करा. विड्थ २५५ हा आदेश आधी द्यायला विसरू नका, नाहीतर बेसिक मध्येच नवी ओळ घुसवतं. आणि दोन ओळींत दुप्पट अंतर पडत असेल, तर केबलमधली पिन १४ ची तार कापा.

बाजारात मिळणारा यूएसबी ते पॅरलल कन्व्हर्टर इथे कामाचा नाही. तो नव्या संगणकाला जुना प्रिंटर जोडतो. आपल्या संगणकाला यूएसबीच नाही, आणि तो उलट्या दिशेने चालत नाही. त्या पैशात रिबन, दोन प्लग आणि बीपर असलेला मल्टिमीटर घ्या.

केबल झाली की लगेच मोठा प्रोग्रॅम छापायला घेऊ नका. आधी इंग्रजी मुळाक्षरं छापा आणि चुकलेली अक्षरं नीट बघा. तुटलेली डेटा तार बहुतेक प्रिंटरना १ वाटते. संगणकाच्या संकेतांत ए हा ६५, सी हा ६७, फरक फक्त २ चा, म्हणजे दुसऱ्या डेटा तारेचा. ए च्या जागी सी छापला जातोय आणि बी व सी मात्र बरोबर येतायत, असं दिसलं तर सगळी केबल उसवायचं कारण नाही. प्रिंटरकडच्या प्लगमधली पिन ३ तेवढी बघा.