पाला काढायचा, पण कधी आणि किती?

नमस्कार श्रोतेहो,

समुद्रावर फिरायला जावं आणि वाळूऐवजी समोर काळपट पाल्याचा ढीग दिसावा, असं तुमच्यापैकी अनेकांच्या बाबतीत झालं असेल. वर माश्या घोंघावताहेत, खालच्या ओल्या थरातून सडक्या अंड्यासारखा वास येतोय. "कुणी साफ करतं की नाही इथे?" हा प्रश्न तोंडात येतोच. आज मी त्या ढिगाची वकिली करणार आहे. पूर्ण नाही, पण बरीचशी.

हा पाला समुद्री गवताचा असतो. शेवाळाशी त्याची गल्लत करू नका. याला मुळं असतात, खोड असतं, पाण्याखाली फुलं येतात, बी धरतं. भूमध्य समुद्रात पोसिडोनिया नावाच्या गवताची मोठी कुरणं आहेत. त्याची पानं सेंटीमीटरभर रुंद आणि फितीसारखी लांब. शरद ऋतूत, तिथले पावसाळी, वादळी दिवस सुरू होण्याच्या सुमारास जुनी पानं गळतात आणि लाटा ती किनाऱ्यावर आणून टाकतात. काही ठिकाणी तर माणसाच्या उंचीची भिंतच उभी राहते.

ही भिंत फावड्याने कापून बघा. पानांचा थर, त्यावर वाळूचा, पुन्हा पानांचा, असे घट्ट दाबलेले पदर दिसतात. हाताने उचकटलं की बारीक वाळूपिसवा टणाटण उड्या मारत पळतात. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं पोट त्यांच्यावर चालतं. सुकलेली पानं वाऱ्याने मागच्या वाळूच्या टेकड्यांवर जातात आणि तिथल्या झुडपांना खत मिळतं. आणि वादळात उसळलेली लाट आधी या पाल्यावर आपटते. तिचा जोर तिथेच मोडतो, मागची वाळू जागेवर राहते.

आता इथे बुलडोझर आणला तर काय होतं? तो पाला उचलतो, पण पानांच्या पदरांत अडकलेली वाळूही ट्रकमध्ये भरतो. भर हिवाळ्यात, म्हणजे वादळांच्या तोंडावर, किनारा उघडा पडतो. मग किनारा झिजला म्हणून दुसरीकडून वाळू आणून टाकायची. पाला हटवायला एकदा पैसे, वाळू आणायला पुन्हा पैसे! मला विचाराल तर यात स्वच्छतेपेक्षा उधळपट्टीच जास्त आहे.

म्हणून नियमही हळूहळू बदलले. इटलीच्या पर्यावरण खात्याने 2006 मध्ये परिपत्रक काढून तीन पर्याय मांडले: पाला जागेवर ठेवा, नाहीतर दुसरीकडे हलवा, नाहीतर कचराडेपोत न्या. स्पेनच्या बालेआरिक बेटांनी 2018 मध्ये पोसिडोनियाच्या रक्षणासाठी वेगळा हुकूमनामाच काढला. फ्रान्समध्ये काही ठिकाणी पाला आणि वाळू यांचे थरावर थर रचून झिजलेला किनारा पुन्हा भरून काढतात. निसर्ग जे करतो तेच, फक्त यंत्राच्या मदतीने.

पर्यटकांचीही बाजू आहे, ती मी नाकारत नाही. उन्हाळ्यात आंघोळीच्या जागेपुरता पाला बाजूला करायला हरकत नाही. तो हलका, सुकलेला असताना उचलावा, वाळू तिथेच झटकावी, टेकड्यांवरची झुडपं तुडवू नयेत, आणि हंगाम संपला की पाला परत आणून टाकावा. कुजून ज्याचा खरोखर त्रास होतो, तेवढाच कायमचा न्यावा.

नेलेल्याचा उपयोग होतो. डेन्मार्कच्या लेसो बेटावर अशाच एका गवताने घरं शाकारत. छपरं जाडजूड, मिठामुळे न कुजणारी, आणि ती रचायच्या बायका, कारण पुरुष समुद्रावर असत. 1930 च्या दशकात त्या गवतावर रोग पडला आणि सामानच मिळेनासं झालं. अलीकडे बालेआरिकमधल्याच फोर्मेंतेरा बेटावर 14 घरांच्या एका सरकारी इमारतीत उष्णतारोधक म्हणून सुकलेला पोसिडोनिया वापरला गेला. खतही होतं, मात्र आधी पावसाने मीठ धुऊन निघायला हवं. फक्त एक भीती वाटते: पाल्याला बाजारभाव आला की किनाऱ्यावर काही ठेवायला कोण तयार होईल?

राहता राहिलं प्लास्टिक. पोसिडोनियाचे तंतू लाटांत घोळून त्यांचे नमद्यासारखे तपकिरी गोळे बनतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा गोळ्यांत किलोमागे 1,470 पर्यंत प्लास्टिकचे कण आणि तंतू सापडले. हे बारीक कण वेचणं कुणाला जमणार नाही, पण बाटल्या, पिशव्या, जाळ्यांचे तुकडे हाताने वेचता येतात. ते काम पाला हलवण्याआधीच करायला हवं. यंत्राचा दात एकदा फिरला की पिशवीच्या चिंध्या होतात आणि मग त्या पानांतून वेगळ्या काढता येत नाहीत.

नमस्कार.