स्लॉथच्या डोळ्यात शंकूच नाहीत

नमस्कार मंडळी! ठाण्यात उपवन तलावाच्या काठावर उभा आहे, मागे येऊरचा डोंगर दिसतोय, आणि बोलणार आहे मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथबद्दल. रील्समध्ये झाडाला उलटा लटकलेला असतो ना, तोच. त्याच्या आळसावर विनोद पुष्कळ झालेत. आज त्याच्या डोळ्यात शिरू. अगदी आत, रेटिनाच्या, म्हणजे डोळ्यामागच्या पडद्याच्या, पेशींपर्यंत.

आधी आपला डोळा बघू. रेटिनात उजेड पकडणाऱ्या मुख्य पेशी दोन जातींच्या. शंकू, म्हणजे कोन पेशी, साधारण 60 लाख: रंग, बारीक अक्षरं, भर दुपारचं बघणं, सगळं यांच्यावर. आणि दंड, म्हणजे रॉड पेशी, जवळजवळ 12 कोटी. यांना रंग कळत नाही, पण अंधुक उजेडात यांचंच राज्य.

हे फूल बघा, जास्वंद. सोसायटीच्या कुंपणावरून तोडलंय, माळीकाका व्हिडिओ बघत असतील तर माफ करा. आत्ता लालभडक आहे. अंधार पडत जाईल तसं माझ्या डोळ्यांना हे लाल काळपट दिसायला लागेल, आणि खालची हिरवी पानं मात्र त्यामानाने उजळ वाटतील. दंडपेशींना तांबडा उजेड जवळपास पकडताच येत नाही, म्हणून असं होतं. 19व्या शतकात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे टिपलं होतं. कॅमेऱ्यात नीट दिसणार नाही, तो आपोआप उजेड वाढवून घेतो. तुम्ही दिव्यांपासून लांब जाऊन स्वतः बघा.

तर, स्लॉथकडे फक्त दंडपेशी आहेत. शंकू नाहीत. चोवीस तास.

आता एक दंडपेशी जवळून बघू. (स्क्रीनवर आकृती.) लांबट, सडपातळ. बाहेरच्या टोकाला चपट्या चकत्या एकावर एक रचलेल्या, हजाराच्या आसपास, खानावळीत स्टीलच्या ताटल्यांची चळत असते तशा. प्रत्येक चकतीत ऱ्होडॉप्सिन, म्हणजे उजेड पकडणारं प्रथिन, ठासून भरलेलं. प्रकाशाचा एक कण, अक्षरशः एक फोटॉन, ऱ्होडॉप्सिनवर आदळला की ते जागं होतं, ते पुढच्या प्रथिनाला हलवतं, आणि ते फॉस्फोडायएस्टरेज नावाच्या एन्झाइमला कामाला लावतं. हे एन्झाइम पेशीतला एक रेणू भराभर तोडतं, पेशीच्या भिंतीतली दारं बंद होतात, विद्युतप्रवाह कमी होतो. हा झाला संदेश. आणि अशा बऱ्याच दंडपेशींचे संदेश पुढे एकाच पेशीत ओतले जातात. त्यामुळे मिणमिणता उजेडही निसटत नाही, पण तो नेमका कुठून आला हे धूसर होतं. म्हणून स्लॉथला अंधारात दिसतं, पण बारकावे दिसत नाहीत. लख्ख उन्हात तर दंडपेशी पार थकतात. तेव्हा त्याची भिस्त वासावर आणि स्पर्शावर.

गंमत त्या एन्झाइममध्ये आहे. दंडपेशींचं एन्झाइम वेगळ्या जनुकांवरून बनतं आणि शंकूंचं वेगळ्या. शंकूंच्या जनुकाचं नाव पीडीई6सी. कॅलिफोर्नियातले ख्रिस्तोफर एमर्लिंग आणि मार्क स्प्रिंगर यांनी 2015 साली संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांनी दोन बोटांच्या स्लॉथचा जीनोम तपासला, त्याच्या लांबच्या नातेवाईकाचा, चिलखती पाठीच्या आर्माडिलोचा तपासला, आणि कमाल म्हणजे मायलोडॉनचाही. मायलोडॉन हा जमिनीवर फिरणारा अवाढव्य स्लॉथ, केव्हाच नामशेष झालेला. निष्कर्ष असा की स्लॉथ आणि मुंगीखाऊ यांच्या समाईक पूर्वजातच पीडीई6सी निकामी झालं होतं. आर्माडिलोच्या घराण्यात वेगळंच जनुक गेलं, पण शेवट तोच: शंकू बाद.

माणसातही पीडीई6सी बिघडलं तर जन्मापासून रंग दिसत नाहीत, आणि ऊन डोळ्यांना सोसवत नाही. नेत्रतज्ज्ञ त्याला ॲक्रोमॅटॉप्सिया म्हणतात.

मग पूर्वजाने एवढी चांगली यंत्रणा घालवली कशी? एमर्लिंग आणि स्प्रिंगर यांचा तर्क असा की हे पूर्वज बिळात राहणारे, उकरणारे असावेत. वापर नाही, तर जनुक बिघडलं तरी कुणाचं अडत नाही. पटण्यासारखं आहे. पण मला एक खटकतं. आफ्रिकेतले मोल-रॅट जन्मभर जमिनीखाली काढतात, तरी त्यांच्या रेटिनात शंकू आहेतच. म्हणजे बिळात गेलं की शंकू जातातच, असा काही नियम नाही. म्हणून माझ्या लेखी हा तर्क अजून तर्कच. जनुक बिघडलं, हे मात्र पक्कं.

आणि हो, तीन बोटांच्या स्लॉथांपैकी बऱ्याच नरांच्या पाठीवर पिवळसर नारिंगी चट्टा असतो, मधोमध काळा पट्टा. दुरून आपल्याला तो झळाळून दिसतो. ज्या मादीसाठी तो असावा असं म्हणतात, तिच्या डोळ्यात नारिंगी ओळखणारी एकही पेशी नाही. तिला दिसलाच, तर फिकटावर गडद पट्टा दिसत असणार. जवळ गेल्यावर, आणि तेही ऊन नसताना.