फोन लागला नाही तर?

नमस्कार श्रोतेहो.

सॅन होजेच्या वाचनालयात सकाळी दार उघडलं की भिंतीतल्या प्लगजवळच्या खुर्च्या आधी भरतात. तिथे एक काका मला नेहमी दिसायचे. पायाशी दोरीनं बांधलेलं ब्लँकेट, हातात तडा गेलेला फोन. यायचे ते फोन चार्ज करायला. बेघरांना घर देण्याच्या यादीत त्यांचं नाव होतं आणि बोलावणं फोनवरच येणार होतं. "आपण उचलला नाही की पुढच्याला लावतात," ते मला म्हणाले होते.

मानसिक आजारावरचे उपचार आणि घरं यांसाठीच्या प्रस्ताव 1 वर बोलायचं म्हटलं की मला हे काकाच आठवतात. 5 मार्च 2024 ला कॅलिफोर्नियात त्यावर मतदान झालं. 72 लाखांवर मतं पडली, आणि तो पास झाला तो 30 हजारांहून कमी मतांनी. निकाल कळायलाच दोन आठवडे गेले.

या प्रस्तावात दोन गोष्टी एकाच गाठीत बांधल्या होत्या. पहिली, 6.38 अब्ज डॉलरचे कर्जरोखे: मानसिक आजार आणि व्यसनावरच्या उपचारांच्या जागांसाठी, आणि घरांसाठी. त्यातले एक अब्जाहून जास्त माजी सैनिकांच्या घरांसाठी. दुसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात आली. 2004 साली मतदारांनीच दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर 1 टक्का कर लावला होता, मानसिक आरोग्यासाठी. त्यातला कौंटीकडे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या स्थानिक सरकारकडे, येणारा जो वाटा आहे, त्यातले 30 टक्के आता घरांवर खर्च करायचे. कर वाढलेला नाही. भाकरी तेवढीच, वाटेकरी वाढले.

मी 'हो' म्हटलं. रात्री कुठे निजायचं हे ज्याला ठाऊक नाही, त्याला गोळ्यांच्या वेळा पाळायला सांगण्यात काय अर्थ आहे? पण विरोध करणारे निष्ठुर होते असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. त्यांच्यात स्वतः या आजारातून गेलेली माणसं होती. समुपदेशन, आधारगट, दिवसा येऊन बसता येईल अशी केंद्रं, हे सगळं याच पैशातून चालतं. त्यातलं काही बंद पडेल ही त्यांची भीती खरी आहे. 'हो' म्हणतानाही ती माझ्या मनात होती.

नवी वाटणी 1 जुलै 2026 पासूनची. पैसे कुठे जाणार ते ठरतं कौंटीच्या तीन वर्षांच्या आराखड्यात. तो मंजूर होण्याआधी लोकांसमोर ठेवावा लागतो, त्यावर जाहीर सुनावणी होते. मतपत्रिका भरायला आपण जेवणाच्या टेबलाशी तासभर बसलो असू, तर एक संध्याकाळ इथेही द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काका मला बऱ्याच दिवसांत दिसलेले नाहीत. त्यांना घर मिळालं की नाही, कुणाला विचारायचं तेही मला कळत नाही. म्हणून सुनावणीत बोलायला मिळतील त्या दोन मिनिटांत मी एवढंच विचारणार आहे: यादीतल्या माणसाचा फोन लागला नाही तर त्याला शोधायला कोण जातं, आणि त्या कामाचे पैसे या वाटणीत कुठे धरलेत?